मालकाला त्यू

माझ्या मायचा पाणउतारा फ्रेंच भाषेत झाला. मराठीत तो रोजच व्हायचा, त्यामुळं त्याला कुणी हसायचंदेखील नाही. फ्रेंचमध्ये झाला तेव्हा सगळा वर्ग हसला.

पालक मेळाव्याचा दिवस होता. शाळेच्या फाटकाशी आम्हा सातवीच्या पोरापोरींच्या दोन रांगा. मुलींच्या हातात झेंडूची फुलं. पालक गाडीतून उतरले की रांगेच्या तोंडाशी असलेल्या मुलीनं फूल द्यायचं आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "बोंजूर मादाम, कोमाँताले व्हू?" नमस्कार बाईसाहेब, तुम्ही कशा आहात. बाप्या माणूस असला तर मादामच्या जागी मस्य. फ्रेंचच्या मॅडमनी आठवडाभर हे घोकून घेतलं होतं. बार्शीच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना म्हटलं. कळंबचे वकील आले, त्यांना म्हटलं. एकाची आज्जी काठी टेकत आली, तिला ओ की ठो कळलं नाही, पण तिलाही व्हूच, म्हणजे तुम्हीच, म्हटलं.

मग माझी माय आली. चालत. फटाक्याच्या शेडवरून घटकाभर सुट्टी मागून. लग्नातली हिरवी साडी नेसून आली होती. हात दगडानं घासून लाल केले होते, तरी नखांत चंदेरी राहिलीच होती. भुईनळ्यात दारू भरणाऱ्या बायकांच्या नखातली चंदेरी कशानंच निघत नाही. फाटकापाशी आल्यावर तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

शाळा मालकाची होती. फटाक्याचा कारखानाही मालकाचाच. मालकाच्या अंगणात आमच्या आळीचं माणूस पायात चपला ठेवून जात नाही, हातात घेऊन जातं. हे कुणी सांगावं लागत नाही. लहानपणी एकदा आईबापाला बघितलं की कळतं. बाकीच्यांना ते शाळेचं फाटक होतं. मायला ते मालकाचं अंगण होतं.

रांगेच्या तोंडाशी ईश्वरी उभी होती. मालकाची नात, माझ्याच वर्गातली. तिनं पुढं केलेलं फूल मागं घेतलं. मायला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बोंजूर कमळे. कोमाँ व्हा त्यू?"

 मग सगळी रांग एका सुरात तेच म्हणाली.

त्यू म्हणजे तू. बरी हाईस का गं कमळे. आईच्या वयाच्या बाईला, बारा वर्षांच्या पोरांनी, कोरसमध्ये. हसू फुटलं ते थांबेना. मायला वाटलं असणार, आपलंही स्वागत झालं. चपला हातात तशाच ठेवून तिनं हात जोडले आणि नातीला म्हणाली, "नमस्कार ताईसाब." पोरं आणखी हसली. माय त्यांच्याबरोबर हसली.

मॅडम मागंच उभ्या होत्या. त्यांनी ओठ दाबून धरले होते. त्या ईश्वरीला म्हणाल्या, "व्हेरी गुड. फरक बरोबर कळलाय तुम्हाला."

मी दुसऱ्या रांगेत होते. मी तोंड उघडलं नाही. मायनं मला बघितलं, हात हलवला आणि चपला सांभाळत आत गेली.

आमचं गाव तेरखेड्याच्या बाजूला, हमरस्त्याला लागून. घरोघरी फटाक्याची कामं. जात सांगत बसत नाही. आळीचं नाव सांगितलं की गावात पुढचं कुणी विचारत नाही. बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचा, तो उन्हाळ्यातच परत यायचा. घर मायच्या हातावर चालायचं. मालकानं रस्त्याकडेला इंग्रजी शाळा काढली, तेव्हा कायद्याप्रमाणं जवळच्या गरीब पोरांना काही जागा फुकट द्याव्या लागल्या. चिठ्ठ्या निघाल्या, त्यात माझी निघाली. मायनं त्या दिवशी आळीत गूळ वाटला.

शाळेत आमचं नाव आरटीई होतं, त्या कायद्यावरून. वर्गात आम्ही चौघं. हजेरीला नाव घ्यायचे, एरवी आरटीई. आरटीईनं मागं बसायचं. आरटीईला सहलीचं उद्या सांगतो. एका सरांना तर माझं नाव माहीतच नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

फ्रेंच आमच्या शाळेत आलं त्याला कारण मालकाची धाकटी सून, ईश्वरीची काकू. पुण्याची. लग्नाआधी ती फ्रेंच शिकवायची. इथं येऊन तिचा वेळ जाईना म्हणून मालकानं शाळेत फ्रेंच सुरू केलं. तीच आमची मॅडम. गोरीपान, आवाज मऊ. कधी ओरडली नाही, कधी मारलं नाही. मार खाल्ला असता तर मला ती लवकर कळली असती.

मॅडमची शिकवायची रीत वेगळी होती. पुस्तक उघडायचं नाही. बाकं भिंतीला सारायची आणि फरशीवर खडूनं गोल काढायचे. पहिल्या गोलात झ. मी. जो बोलतो तो. त्याच्या समोर त्यू, म्हणजे तू. खिडकीजवळ व्हू, म्हणजे तुम्ही. फळ्याजवळ मोठा गोल नूचा, म्हणजे आम्ही. आणि दाराशी, पायपुसण्याच्या बाजूला, शेवटचा गोल. इल आणि एल. तो, ती, ते, त्या. मॅडम सांगायच्या, हे संभाषणात नसतात. यांच्याविषयी बोलायचं असतं.

दाराजवळच्या गोलात आम्ही चौघं. पहिल्या दिवशी मॅडमनी सहज हात केला, "तुम्ही चौघं तिकडं." दुसऱ्या दिवशी हात करावा लागला नाही. आपोआप गेलो. बाकीचे गोल बदलत राहायचे, आज झमध्ये ही, उद्या तो. आमचा गोल पक्का. त्या गोलातल्यांनी बोलायचं नसतं. नुसतं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी आपल्याकडं बोट करून वाक्यं करायची.

इल सों साल. ते घाणेरडे आहेत. हे आमच्यावर झालेलं पहिलं वाक्य. मग रंग शिकवले. ईश्वरी झच्या गोलात होती. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "इल ए न्वार." न्वार म्हणजे काळा. मॅडम तिला थांबवून म्हणाल्या, चुकलं. मला वाटलं, आता तिला रागावणार. मॅडम म्हणाल्या, "ती मुलगी आहे ना? मग इल कसं? एल." ईश्वरीनं सुधारून म्हटलं, एल ए न्वार. मॅडम म्हणाल्या, शाब्बास. अख्ख्या वाक्यात मॅडमना तेवढीच चूक दिसली.

मी फ्रेंच शिकले ती त्या दाराशी उभं राहून. बोलायचं नसलं की ऐकायला भरपूर वेळ मिळतो. नूच्या गोलातली पोरं गुदगुल्या करत, खिदळत अर्धं ऐकायची. मला ऐकण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. घरी येऊन चुलीपुढं तोंडातल्या तोंडात झ म्हणायचे. माय विचारायची, दाढ दुखतीय का.

त्यू आणि व्हूचा धडा मला शब्दन् शब्द आठवतो. मॅडम म्हणाल्या, अगदी मराठीसारखं आहे. आईला, मैत्रिणीला, लहान बाळाला, कुत्र्यामांजराला त्यू. मोठ्यांना, अनोळखी माणसांना, ज्यांचा मान ठेवायचा त्यांना व्हू. ईश्वरीनं हात वर करून विचारलं, "आणि कामवाल्यांना?"

 मॅडम म्हणाल्या, "फ्रान्समध्ये त्यांनाही व्हू." वर्गात कुजबूज झाली. पोरांना ते खोटं वाटलं. मॅडम हसून म्हणाल्या, "तिकडचं तिकडं. आपल्याकडं कुणाला काय म्हणायचं, ते तुम्हाला माहीत आहे."

म्हणजे बाईला माहीत होतं. हे मी पुन्हा लिहिते. तिला माहीत होतं. फाटकाशी रांग हसली तेव्हा तिला पक्कं माहीत होतं की ज्या भाषेत हे चाललंय, त्या भाषेच्या गावात भांडी घासणाऱ्या बाईलाही परकं पोर त्यू म्हणत नाही. आमचा पाणउतारा करायला तिनं फ्रेंचसुद्धा आपल्या गावच्या चालीला जुंपली.

मेळाव्याहून माय घरी आली ती हवेत. आळीत प्रत्येकीला सांगत सुटली, मला फ्रेंचमधी रामराम घातला, समद्या पोरांनी एकदम. बाया म्हणाल्या, काय म्हणले, सांग की. मायनं आठवून आठवून म्हटलं, "कोमावातू." बायांना गंमत वाटली. दोन दिवसांत आळीत तेच सुरू झालं. नळावर भेटली की, काय कमळे, कोमावातू. शेडवर डबा सोडताना, कोमावातू. बारकी पोरं तिला बघून ओरडायची आणि माय त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवायची.

मला जेवण जाईना. मायवर ज्या शब्दानं थुंकले होते, तो शब्द आळी प्रेमानं तिच्या अंगावर घालत होती. सांगावं तर मायचा आनंद जातो. न सांगावं तर रोज ऐकायचं. मी नाही सांगितलं. मी बायांवर चिडायचे, पोरांच्या पाठीत धपाटे घालायचे. माय म्हणायची, शाळंत गेल्यापासून लई तिरसट झालीस.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला शिक्षण खात्याचे कोणी मोठे साहेब येणार होते. मालकाला साहेबांपुढं दाखवायला काहीतरी हवं होतं. मॅडम म्हणाल्या, गरिबाची मुलगी फ्रेंच बोलते, हे दाखवू. चौघांत उच्चार माझा चांगला. मला बोलावलं. मॅडमनी स्वतः भाषण लिहून दिलं आणि ऑफिसात बसवून पाठ करून घेतलं. आधी मालकाला नमस्कार, कोमाँताले व्हू. पुढं, झ स्वी युन फिय पोव्ह्र. मग, व्हूझेत ग्राँ.

मी एक गरीब मुलगी आहे. तुम्ही थोर आहात.

दोन वर्षं दाराशी उभी होते. पहिल्यांदा मला झ म्हणायला मिळत होतं, आणि झच्या पुढचं वाक्य मॅडमनी ठरवलं होतं. मी पाठ केलं. बिनचूक. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खोटं कशाला सांगू, मला तो हात आवडला.

गॅदरिंगच्या दिवशी कारखाना बंद ठेवून सगळ्या बायांना आणलं होतं. खुर्च्यांच्या मागं सतरंजीवर बसवलं होतं. स्टेजवर साहेब, मालक, मॅडम. माझं नाव पुकारलं. मी गुच्छ घेऊन वर गेले. पण मी बोलायच्या आधी मालकानं माइक ओढून घेतला. साहेबांना म्हणाला, ही आमच्या कारखान्यातल्या बाईची पोर, बघा आम्ही काय घडवलंय. मग मांडवाकडं बघून म्हणाला, "कमळे, उठ. साहेबाला दिसू दे."

माय उठली. पदर दातात धरून. सगळा मांडव मागं वळून बघायला लागला.

"आगं नीट उभी ऱ्हा की. तोंडावरचा पदर काढ. त्येंला बघू दे."

मायनं पदर सोडला. ती हसत होती. मी वरून बघत होते. तिचे हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. साहेब मान हलवत होते. मालकानं बस म्हटलं नाही. तो विसरला. माइक माझ्याकडं दिला आणि माय उभीच.

मी मालकापुढं गुच्छ धरला आणि म्हणाले, "बोंजूर. कोमाँ व्हा त्यू?"

मालकाचा चेहरा फुलला. त्याला एक शब्द येत होता, तो त्यानं वापरला. मेर्सी, मेर्सी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मांडवानं टाळ्या वाजवल्या. मालक हात जोडून मान डोलवत राहिला. कारखान्याचा, शाळेचा, दीडशे एकराचा धनी, पण मायला कळलं होतं तेवढंच त्याला कळलं. आमचा वर्ग पुढच्याच रांगेत होता. त्यातलं एकही पोर हसलं नाही.

ईश्वरी धावत स्टेजवर आली. आजोबाच्या कानाशी गेली, पण माइकही तिथंच होता. "आजोबा, ती तुम्हाला तू म्हणाली. अरे-तुरे केलं तिनं." सगळ्या मांडवानं ऐकलं.

मालकाचा चेहरा मी बघितला. तसा राग मी पुन्हा कधी बघितला नाही. बाकी कुणाला पोटभर शिव्या दिल्या तरी इतका राग येत नाही. नुसतं तू. मॅडम खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आल्या. खांदा धरला. बोटं रुतली. वर हसत म्हणाल्या, "लहान आहे. व्हू म्हणायचं होतं तिला. चुकलं ना गं? सांग, चुकलं म्हणून."

त्यांनी मला वाट काढून दिली होती, हे मला तेव्हाही कळलं. एक शब्द म्हणायचा होता. शाळा राहिली असती. मायचं काम राहिलं असतं. कुणाला काही झालं नसतं. मी मायकडं बघितलं. ती अजून उभी होती.

"चुकलं न्हाय," मी म्हणाले. "फाटकावर मायला सगळे आसंच म्हणले. तवा मॅडम म्हणल्या, फरक बरोबर कळलाय."

कुणीतरी माइक बंद केला.

संध्याकाळी ऑफिसात बोलावलं. माय चपला हातात घेऊन भिंतीला लागून उभी. मी तिच्या बाजूला. मालक माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मायशीच बोलला. सोमवारी प्रार्थनेला पोरीनं सगळ्यांपुढं कान धरून माफी मागायची. नसली मागायची तर आम्ही आपल्या मर्जीनं दाखला नेतो म्हणून लिहून द्यायचं आणि तू पण शेडवर यायचं नाही. कायद्यानं मला काढता येत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. आम्हीच आम्हाला काढून घ्यायचं होतं.

मॅडम खिडकीशी होत्या. त्यांचा आवाज तसाच मऊ. "तू पण तुझ्या आईला तूच म्हणतेस ना? मग आमच्या मुलांनी म्हटलं तर एवढं काय झालं?"

"ती माझी माय हाय," मी म्हणाले. "तुमची कोण लागती?"

मायनं तिथंच माझ्या तोंडात दिली. चपला खाली पडल्या. मालक म्हणाला, बघ, तुझ्या मायला कळतंय. मायनं चपला उचलल्या, त्याच्या पाया पडली आणि माझं बखोट धरून बाहेर आली.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. त्यू म्हणजे काय, व्हू म्हणजे काय. कोमावातू म्हणजे काय. मला वाटलं, ती रडेल. मग माझी बाजू घेईल. ती पीठ मळत होती. मळायची थांबली नाही.

"मला ठावं हाय," माय म्हणाली. "म्या खुळी हाय व्हय? त्येंचं बोलणं न्हाय कळलं, हसणं कळलं की."

मी म्हटलं, मग आळीत सांगत का सुटलीस.

"म्या खूष झाल्यावानी नसते हिंडले, तर दुसऱ्या दिशी तू शाळंत गेली आसतीस का? माझं गिळून झालं व्हतं. तुला कुणी सांगितलं वर काढाया? सोमवारी माफी मागायची. गुमान."

त्या पोरांनी केलं ते एका बाजूला आणि हे एका बाजूला. मला हे जास्त लागलं. तिच्या शेंगदाण्यांसकट सगळं नाटक माझ्यासाठी होतं. मी वर्गाला शिकवण दिली असं समजत होते आणि मायनं जे पोटात घालून माझी शाळा विकत घेतली होती, ते मी भर मांडवात सांडलं होतं. तिच्या बाजूनं तिचं खरं होतं. आजही आहे.

सोमवारी मी गेले. मायनं स्वतः वेणी घालून दिली. प्रार्थना झाली. मला पायरीवर उभं केलं. मॅडम म्हणाल्या, म्हण. मी कान धरले नाहीत. मॅडम म्हणाल्या, निदान सॉरी म्हण. फाटकाबाहेर माय उभी होती, मला दिसत होती. ती हातानं खुणावत होती, म्हण, म्हण. मग एवढ्या लांबूनही तिचे जोडलेले हात दिसले, ते मालकाला नव्हते. मला होते. पोरं उन्हात ताटकळली. मी काही म्हटलं नाही.

दाखला त्याच दिवशी मिळाला.

मायचं शेडवरचं काम गेलं. गावात फटाक्याचे दुसरेही कारखाने होते, पण मालकानं काढलेल्या बाईला कोण ठेवणार. दिवाळीनंतर ती बापाबरोबर ऊसतोडीला गेली. तिथून पुढं दर साल. डोक्यावर मोळ्या, पालात राहणं, पहाटेच्या गारठ्यात फड. पोटातलं दुखणं अंगावर काढलं, शेवटी पिशवी काढावी लागली, आणि टाके वाळले तशी पुन्हा फडात उभी. मी मावशीकडं राहून झेडपीच्या शाळेत शिकले. आळीतल्या बायांना कळलं तेव्हापासून कुणी मायला कोमावातू म्हटलं नाही. फार बोलायच्याच कमी झाल्या. त्यांची कामं होती शेडवर.

फ्रेंच मी सोडलं नाही. हट्टानं शिकले. मावसभावाच्या मोबाइलवर, मग कॉलेजात, मग पुण्यात परीक्षा देऊन. मालकाच्या सुनेची भाषा म्हणून ती टाकून देणं मला परवडणारं नव्हतं. आता एका कंपनीत फ्रेंच पत्रव्यवहार बघते. पहिल्याच आठवड्यात तिकडच्या एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. माझी जात, आळी, नखं, काही तिला दिसत नव्हतं. पहिल्या वाक्याला तिनं मला व्हू म्हटलं. मला बरं नाही वाटलं. राग आला. इतकं साधं होतं ते. त्यात कुणाचं काही जात नव्हतं, आणि तेवढंही माझ्या मायला कुणी दिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. कुणी सर बोलत होते. मला मॅडम म्हणाले. संस्थेचा मोठा सोहळा आहे, फ्रेंचमध्ये नाव काढलेली आपली माजी विद्यार्थिनी म्हणून तुमचा सत्कार ठेवलाय, मालकांच्या हस्ते. आपल्या मातोश्रींनाही घेऊन या. मी ऐकून घेतलं. हे तुम्ही आणि हे मातोश्री माझ्या पगाराला होतं, एवढं कळण्याइतकी मी मोठी झाले आहे.

मायला विचारलं. ती आता गावातच असते, कंबर धरून चालते. म्हणाली, जा की, झालं गेलं, माझ्यानं आता राग बी धरवत न्हाय. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू एक शब्द बोललीस आन् म्या जलमभर मोळ्या वाहिल्या. त्येचा कुठं सत्कार आसतोय का?"

  माझा शब्द बरोबर होता आणि त्याची किंमत मायनं भरली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ती किंमत मायकडून कुणी वसूल केली, हे मी विसरणार नाही. माय विसरायला तयार असली तरी नाही.

मी सरांना फोन लावला. सांगितलं, सत्कार राहू द्या. माझ्या मायचं नाव कमळाबाई आहे. आधी मालकांनी सगळ्या गावादेखत तिची माफी मागायची, उभं राहून, तिला कळेल अशा मराठीत. त्यांच्या सुनेनंही. त्याशिवाय मी त्या फाटकात पाय ठेवणार नाही, आणि फ्रेंचच्या तुमच्या कुठल्याही जाहिरातीत माझं नाव दिसलं तर हे सगळं मी नावानिशी छापून आणीन.

 सर समजुतीनं म्हणाले, "अहो मॅडम, मालक आता थकलेत. किती दिवसांचे सोबती. कशाला जुनं काढता?"

"माझी माय पण थकलीय," मी म्हणाले. "मालकांना म्हणावं, उरका लवकर."